जार पडायची वाट पाहू नका

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या पेपरात गुरांच्या लसीकरणाची बातमी येते. तालुक्यात इतक्या जनावरांना टोचलं, इतकी राहिली, अमुक तारखेपर्यंत मोहीम पूर्ण करणार. मी ती दर वर्षी वाचते आणि दर वर्षी मनात येतं की यात एक गोष्ट राहूनच गेली. वासराची पहिली लस दवाखान्यातून येत नाही. ती गाईच्या कासेत असते. तिला, म्हणजे विल्यानंतरच्या पहिल्या दाट दुधाला, आपण चीक म्हणतो. आमच्या भागातल्या कितीतरी गोठ्यांत ती वासराला वेळेवर मिळत नाही, आणि ती न देणारे आपणच असतो. त्यात मीही होते, म्हणून हे पत्र.

मी आर्वी तालुक्यातली, वय ५८. घरी कपाशी-तुरीचं वावर, थोडी संत्र्याची झाडं, एक बैलजोडी आणि गोठ्यात आपल्या भागातल्या गवळाऊ या देशी जातीच्या चार गाई व एक संकरित. लग्न होऊन आले त्या वर्षापासून शेण काढण्यापासून धार काढण्यापर्यंत सगळा गोठा माझ्या हाती आहे.

२०२२ चा पोळा झाला आणि पाठोपाठ लम्पी आली, गुरांच्या अंगावर गाठी उठवणारा विषाणूचा रोग. आधी जळगावकडच्या बातम्या होत्या, मग आपल्याकडे. सप्टेंबरात राज्यभर गुरांचे बाजार बंद झाले, गायकी, म्हणजे गावचा गुराखी, ढोरं आखरावर (गावाबाहेरच्या गुरांच्या जागेवर) एकत्र आणेना, जो तो आपल्या गोठ्यात कडुनिंबाचा धूर करत बसला. त्या धांदलीत चार दिवसांच्या अंतरानं आमच्या दोन गाई व्याल्या.

चांदी रात्री आठच्या सुमारास व्याली. गोऱ्हा होता, चांगला धष्टपुष्ट. अर्ध्या तासात तो उठायला लागला. मागचे पाय आधी, मग धपकन खाली, पुन्हा मागचे पाय. उभा राहिल्यावर त्यानं तोंडानं चाचपायला सुरुवात केली. आईची गळ्याखालची पोळी, मग गव्हाणीचा कठडा, मग भिंत, मग माझा पदर. पदराचं टोक तोंडात धरून तो चोखत राहिला. सासूबाई बाहेर बाजेवर होत्या. तिथूनच त्या म्हणाल्या, "जार पडल्याबिगर थानाले लावू नोको वं, जार वर चढते." जार म्हणजे विल्यानंतर पडणारी गाईची वार. सासूबाईंना त्यांच्या सासूनं हेच सांगितलं होतं. मी दावं घेतलं आणि गोऱ्ह्याला गाईपासून दोन हात लांब खुंट्याला बांधलं. रात्रभर तो ओरडत होता. चांदी त्याच्याकडे मान वळवून हुंकारत होती, तिचा पान्हा जमिनीवर ठिबकत होता. पहाटे पाचला जार पडली. मग मी आधी शेजारच्या घरी द्यायला आणि आमच्या खरवसाला दोन लिटर चीक काढला, आणि उरलेल्यावर गोऱ्हा सोडला. म्हणजे जन्मल्यापासून नऊ तास.

कपिली व्याली ती दिवसा. आम्ही सगळे निंदणाला वावरात होतो. संध्याकाळी घरी आलो तर कालवड उभी, तोंडाला फेस, शेपूट हलतेय. ती आपली आपण प्याली होती. सासूबाई नाराज झाल्या, पण जारही तोवर पडलेली होती.

गोऱ्ह्याला आठव्या दिवशी हगवण लागली. पांढरी, पातळ, घाण वास. डॉक्टर आले, सलाईन लावलं, मीठ-साखरेचं पाणी आम्ही दर दोन तासांनी पाजलं. अकराव्या दिवशी तो गेला. कालवडीला तसं काही झालं नाही. ऑक्टोबरात तिच्या अंगावर गाठी उठल्या, ताप आला, पुढचा एक पाय सुजला. पण तिनं दूध सोडलं नाही आणि महिन्याभरात ती सावरली.

दोन वासरांवरून शास्त्र ठरत नाही, हे मला कळतं. पण मन खायला लागलं तेव्हा मी माझ्या भाचीला विचारलं. ती नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते. तिनं जे समजावलं ते मला पन्नाशी उलटेपर्यंत एकाही माणसानं सांगितलं नव्हतं.

बाईच्या पोटातल्या लेकराला आईच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे रोगाला ओळखून धरणारी प्रथिनं, वारेतून मिळतात. गाईच्या जारेची रचना वेगळी आहे. आईचं आणि वासराचं रक्त यांच्यामध्ये इतके थर असतात की प्रतिपिंडं पलीकडे जातच नाहीत. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात ती जवळजवळ नसतात. निसर्गानं सोय केली आहे ती चिकात. विण्याच्या आधीचे चार-पाच आठवडे गाय आपल्या रक्तातली प्रतिपिंडं कासेत साठवत जाते. आणि नव्या वासराच्या आतड्याची दारं काही तासांपुरती उघडी असतात, त्यातून ती न पचता सरळ रक्तात उतरतात. पहिल्या सहा तासांत हे सगळ्यात चांगलं होतं, मग तासागणिक कमी होत जातं आणि २४ तासांच्या आसपास ती दारं बंद होतात. त्यानंतर वासराला बादलीभर चीक पाजला तरी तो पोषण म्हणून पचतो, रक्तात संरक्षण म्हणून जात नाही.

शिवाय पहिल्या धारेचा चीक आणि दुसऱ्या धारेचा चीक यांत मोठा फरक असतो. सगळ्यात दाट शिदोरी पहिल्या धारेतच. ती मी खरवसाला काढली होती.

जारेचं म्हणाल तर गोष्ट उलटी निघाली. वासरू सड चोखतं तेव्हा गाईच्या अंगात पान्हा सोडणारं संप्रेरक वाढतं, आणि तेच संप्रेरक गर्भाशय आवळतं. म्हणजे वासरू लावल्यानं जार सुटायला मदतच होते. हे मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आमाले कोन सांगतलं हे?" त्यांचा दोष मी मानत नाही. जार अडकून गाय दगावलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. वासरू मेलं ते हगवणीनं, दहा दिवसांनी, त्याचा संबंध पहिल्या रात्रीशी कोण लावणार?

कालवड लम्पीतून वाचली ती चिकामुळे, असं मात्र मी म्हणणार नाही. चिकात तेवढीच प्रतिपिंडं असतात जेवढे रोग आईच्या अंगानं आधी ओळखलेले असतात, लसीनं किंवा प्रत्यक्ष दुखण्यानं. कपिलीला तेव्हा लम्पीची लस टोचलेली नव्हती, तिला लम्पी झालेलीही नव्हती. त्यामुळे तिच्या चिकात लम्पीविरुद्ध काही असण्याचं कारण नव्हतं. पण आमच्या गोठ्यातले, आमच्या शेणामातीतले हगवणीचे जंतू तिच्या ओळखीचे होते, आणि ती ओळख तिनं लेकीला दिली. म्हणूनच ऐन विण्याच्या तोंडावर दुसऱ्या गावची गाय विकत आणणं मला आता पटत नाही. तिचा चीक तिच्या जुन्या गोठ्याचा असतो.

आता लसीबद्दल. २०२२ आणि २०२३ मध्ये गावात एक वाक्य फार ऐकलं: "टोचली तरी मेलं, लसच खोटी." हे वाक्य अजून मेलेलं नाही, आणि त्यापायी लोक जनावर पुढं करत नाहीत. खरं काय ते लोकांना कारणासकट सांगायला हवं. त्या वर्षी जी लस सगळीकडे टोचली ती शेळ्यांच्या देवीची होती. शेळीची देवी, मेंढीची देवी आणि लम्पी हे एकाच कुळातले विषाणू आहेत, म्हणून एकाची ओळख दुसऱ्याला उपयोगी पडते. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रानं इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेबरोबर खास लम्पीच्याच विषाणूपासून केलेली लस १० ऑगस्ट २०२२ ला जाहीर झाली, म्हणजे साथ ऐन भरात असताना. लस कुठलीही असो, टोचल्यावर अंगात ताकद तयार व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. ज्या जनावराच्या अंगात विषाणू आधीच शिरला आहे त्याला आज टोचलं आणि आठ दिवसांनी गाठी उठल्या, तर तो दोष लसीचा नाही, उशिराचा आहे.

भाचीनं आणखी एक सांगितलं ते मला फार महत्त्वाचं वाटलं. लम्पीची लस दिलेल्या काही जनावरांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडतच नाहीत, तरी ती रोगापासून वाचतात. कारण शरीराचं संरक्षण केवळ प्रतिपिंडांवर उभं नसतं. आजारी पेशी हुडकून मारणाऱ्या पेशींची वेगळी फौज असते, आणि देवीच्या कुळातल्या विषाणूंपुढं तिचं काम मोठं असतं. रक्ताच्या एका तपासणीवरून गाय सुरक्षित की नाही ते सांगता येत नाही, हे संशोधकांनाही हळूहळूच उमगलं.

आणि वासरांचं काय? आईला लस टोचलेली असेल तर चिकातून तिची प्रतिपिंडं वासराकडे येतात आणि काही महिने टिकतात. त्या काळात वासराला जिवंत विषाणूची लस टोचली तर आईचीच प्रतिपिंडं ती लस निकामी करतात, वासराचं स्वतःचं अंग काही शिकत नाही. म्हणून आपल्याकडे लम्पीची लस चार महिन्यांच्या पुढच्या वासरांना देतात. पण आईला लस नसेल, किंवा लस असून चीकच वेळेवर मिळाला नसेल, तर ते वासरू चार महिने अगदी उघडं राहतं. आमच्या गावातली तान्ही वासरं का गेली, याचं निदान एक कारण मला इथं दिसतं.

लाळ्या खुरकूतची लस दर सहा महिन्यांनी काहून, असं आमच्याकडचे म्हातारे विचारतात. त्यांच्या प्रश्नाला आधार आहे. त्यांच्या लहानपणी बुळकांडी होती. गोठेच्या गोठे रिकामे करणारा रोग. त्याच्या लसीचा एक टोच जनावराला जन्मभर पुरायचा. भारतात बुळकांडीची शेवटची साथ १९९५ मध्ये झाली, २००६ मध्ये देश मुक्त ठरला आणि २०११ मध्ये जगातूनच ती गेल्याचं जाहीर झालं. माणसाच्या देवीनंतर पृथ्वीवरून पुसला गेलेला हा दुसरा रोग, आणि तो ढोरांचा आहे. आम्हा गोठ्यातल्या माणसांना याचा अभिमान वाटायला हवा, पण शाळेच्या पोरांना बुळकांडी हा शब्दही आता माहीत नाही. बुळकांडीची लस जिवंत, निर्बल केलेल्या विषाणूची होती, अंगात थोडी वाढायची आणि पक्की ओळख करून द्यायची. लाळ्या खुरकूतची लस मारलेल्या विषाणूची असते. अंग तिला ओळखतं, पण ती ओळख लवकर पुसट होते. त्यात हा रोग एकाच रूपात येत नाही. आपल्या देशात त्याचे ओ, ए आणि एशिया-१ असे तीन प्रकार फिरतात, एकाची ओळख दुसऱ्याला चालत नाही, म्हणून लसीत तिन्ही घालावे लागतात. २०१९ पासून केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम यासाठीच वर्षातून दोनदा टोचतो आणि कानात बारा आकडी बिल्ला मारतो. हे एवढं कुणी पारावर बसून सांगितलं तर लोक स्वतः जनावर धरून उभे राहतील.

त्याच कार्यक्रमात सांसर्गिक गर्भपाताची लसही आहे. ती फक्त चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि आयुष्यात एकदाच. ती वेळ चुकली की चुकली. माझ्या ओळखीच्या दोन घरांत कालवड नऊ-दहा महिन्यांची झाल्यावर आठवण झाली.

लस घेऊन अंगानं काही शिकावं तर अंगात तेवढा जीव हवा. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो, कुटार संपत आलेलं, हिरवं काही नाही, पोटात जंत. अशा जनावराला घटसर्प-फऱ्या या पावसाळी रोगांची लस टोचली तर ते पुरता प्रतिसाद देत नाही. टोचण्याच्या पंधरा दिवस आधी जंताचं औषध, थोडी सरकी ढेप, खनिज मिश्रण, टोचायची वेळ सकाळची, आणि लसीची बाटली बर्फात. एका वर्षी आमच्याकडे लस आली ती पाऊस लागून गेल्यावर, आणि एका वर्षी भर दुपारी, बर्फ वितळलेल्या डब्यातून. कुणाचं नाव घ्यायचं नाही, पण असं होऊ नये.

देशी गाईला काही होत नाही, असाही एक भ्रम आमच्याकडे आहे. लम्पीनं तो तोडला, गवळाऊ गाईही गेल्या. मात्र गोचीड तापात देशी आणि परदेशी रक्तात फरक दिसतो हे खरं. साहिवाल आणि होल्स्टिन वासरांवर झालेल्या अभ्यासात या तापाचा एकच परजीवी दोघांना दिल्यावर साहिवाल तगली आणि होल्स्टिन दगावली. कारण ऐकून मी चकित झाले. होल्स्टिनचं अंग कमी लढलं म्हणून नव्हे, तर त्याचा दाह आवरेनासा झाला म्हणून. रोगाला मारता मारता अंगच स्वतःला जाळत होतं. संकरित गाय बाळगणाऱ्यांनी गोचिडांकडे दुप्पट लक्ष द्यावं ते यासाठी.

गाईच्या प्रतिपिंडांवर तर जगभर काम चाललं आहे. तिच्या काही प्रतिपिंडांना लांब दांडा आणि वर बोंड असतं. भाचीनं कागदावर काढून दाखवलं तेव्हा मला ते ज्वारीच्या धांड्यावरच्या कणसासारखं वाटलं. माणसाच्या प्रतिपिंडाला इतका लांब दांडा नसतो. त्या दांड्यामुळं ते विषाणूच्या खोबणीत आतपर्यंत पोहोचतं. २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी गाईंना एचआयव्हीच्या आवरणातलं प्रथिन टोचून पाहिलं. गाईला एड्स होत नाही. पण त्या विषाणूचे अनेक प्रकार रोखणारी प्रतिपिंडं त्यांच्या अंगात काही आठवड्यांतच तयार व्हायला लागली, जी माणसाच्या अंगात क्वचित आणि वर्षानुवर्षांनी होतात. गाईच्या अंगातून माणसाच्या औषधाची वाट शोधली जातेय. मग तिच्या स्वतःच्या वासराला तिचा पहिला चीक मिळावा, एवढं तरी आपण करायला नको का?

आमच्या भागात एक सोपी गोष्ट करता येते, ती मुद्दाम लिहिते. आर्वी, कारंजा, वरूडकडे संत्रावाल्यांकडे गोडी पाहायचं रिफ्रॅक्टोमीटर असतं. हातभरही नाही, नळीसारखं, काचेवर रसाचा थेंब टाकून उजेडाकडे धरायचं. माझा मुलगा बगीचा देण्याआधी त्यावर संत्र पाहतो. १० च्या वर आकडा गेला की खूश होतो. तेच यंत्र चिकाला चालतं. ते चिकातली साखर मोजत नाही, एकूण दाटपणा मोजतं, आणि दाटपणाबरोबर प्रतिपिंडं वाढतात. २२ किंवा त्याहून जास्त आलं तर चीक चांगला. गेल्या हिवाळ्यात मी कपिलीचा पाहिला, २६ आला. शेजारच्या पहिलटकरणीचा १७ आला. तिच्या वासराला मग आम्ही कपिलीचा राखून ठेवलेला चीक पाजला. फ्रीजरमध्ये बाटलीत गोठवून ठेवला होता, कोमट पाण्यात बाटली ठेवून पातळ केला. उकळायचा नाही, उकळला की प्रतिपिंडं गेली. यंत्र धुऊन पुसून परत करायचं, एवढीच अट मुलानं घातली आहे.

वासराच्या वजनाच्या दहाव्या भागाइतका चीक पहिल्या काही तासांत पोटात जायला हवा. गवळाऊचं वासरू वीस किलोच्या आसपास, म्हणजे दोन लिटर. त्यातला जमेल तेवढा पहिल्या दोन तासांतच. उठत नसेल तर बाटलीनं. खरवस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या चिकाचाही होतो, आमच्याकडे आता तसाच होतो, आणि सासूबाई तो आवडीनं खातात.

संपादक महोदय, आपल्याकडे मागणं एवढंच. लसीकरणाचं वेळापत्रक छापाल तेव्हा त्याच्या वर, पहिल्या ओळीत, वासराला जन्मल्यापासून दोन तासांत चीक पाजा, जार पडायची वाट पाहू नका, असं छापा. किती टोचलं या आकड्याबरोबर लाळ्या खुरकूतच्या लसीनंतरच्या रक्त तपासणीत जिल्ह्यात किती जनावरांत ताकद तयार झाली तोही आकडा खात्याकडून मागून घ्या. ही तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमातच आहे, तिचे निकाल गावापर्यंत येत नाहीत. आणि बिल्ले मारायला येणाऱ्या कर्मचाऱ्यांनी गाभण गाय दिसली की घरच्या बाईला चिकाबद्दल दोन वाक्यं सांगावीत, असं कुणी त्यांना सांगितलं तर फार बरं होईल. धार काढणारी, रात्री उठून पाहणारी बहुतेक घरांत तीच असते.

पत्र लवकर छापलंत तर उपकार होतील. कपिलीची ती कालवड आता भरल्या दिवसांची आहे, कास उतरली आहे, दोन दिवसांपासून ती वेगळी उभी राहते. गावात आणखी सात गाई या पंधरवड्यात विणार आहेत.

कळावे,
आपली एक वाचक,
ता. आर्वी, जि. वर्धा